वरच्या खोऱ्यातला जमान

जमान,

सनोबरचा फोन आला तेव्हा मी टँकरवर होतो. जळकोटच्या अलीकडं एका मळ्यातल्या विहिरीत पाइप सोडून, टाकी भरायची वाट बघत बांधावर बसलो होतो. श्रावण अर्धा उलटला तरी आभाळात ढग म्हणून नाही. विहिरीच्या तळाला होतं नव्हतं तेवढं पाणी मोटार ओढून राहिली होती, आणि मधूनच नुसती हवा ओढल्याची घरघर यायची. त्या घरघरीत मला पोरीचं बोलणं नीट ऐकू आलं नाही. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "काका, दादा गेले. नाल्यानं नेले."

कोणते दादा, हे मला पटकन कळेना. मग लक्षात आलं. तुमच्या कलाश भाषेत पोरं बापाला दादा म्हणतात. दादा म्हणजे तू.

मी मोटार बंद केली. मळ्याचा मालक लांबून ओरडला, "ओ टँकरवाले, निम्मीच भरली की!" त्याला मी काय सांगणार होतो? की पाकिस्तानातल्या एका डोंगरात माझा माणूस पुरात वाहून गेला म्हणून? इथं घागरभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्यात. पुरात माणूस गेला, हे वाक्य या रानात कुणाला खरं वाटलं असतं?

दोन दिवसांनी पोरीनं पुन्हा फोन केला. म्हणाली, "काका, आमच्यात मेलेल्याशी बोलतात. त्याला मध्ये ठेवतात, म्हातारे काठी टेकून समोर उभे राहतात आणि तू कसा होतास ते त्याच्या तोंडावर सांगतात. तुम्हाला इथं कोण येऊ देणार? तिकडूनच बोला."

म्हणून बोलतोय. तू माझ्याशी उर्दूत बोलायचास, मी आमच्या मोडक्या दखनीत. पण तुझं बोलणं मला आठवतं ते आमच्याच भाषेत, तसंच इथं मांडतो.

शारजाच्या लेबर कॅम्पात तू आलास तो दिवस. तू शटरिंगचा सुतार, मी स्कॅफोल्डिंगवाला. तुझ्या मुलखातल्या लोकांच्या खोलीत तुझं ताट वेगळं निघायला लागलं होतं. कुणी वाईट बोललं नाही, तूच सांगायचास. नुसतं ताट वेगळं निघालं. मग फोरमन तुला घेऊन आमच्या लायनीत फिरला. प्रत्येक दारातून उत्तर एकच. पाकिस्तानी नक्को बाबा. आमच्या खोलीत माझ्या खालची खाट रिकामी होती. मी म्हणालो, येऊ द्या.

तू गाठोडं खाटेवर ठेवलंस, छातीवर हात ठेवलास आणि मला म्हणालास, "इश्पाता, बाया!"

अर्धापूरचा खंडू समोरच्या खाटेवर केळीचे वेफर खात बसला होता. त्याला जे हसू फुटलं! "अग्गं बया! गौतम, तुला बाई करून टाकलं की रं यानं!" तुमच्यात इश्पाता म्हणजे नमस्कार आणि बाया म्हणजे भाऊ, हे समजेपर्यंत खंडूला ठसका लागून पाणी पाजावं लागलं. तूही हसलास. मग कॅम्पातली सगळी महाराष्ट्राची पोरं तुला बाया म्हणायला लागली, आणि तुला ते फार आवडायचं.

पण त्या हसण्याच्या आतही तुझ्यात एक भीती होती. ती मला पहिल्या आठवड्यातच दिसली. खोलीच्या मागं मोठा कॉम्प्रेसर होता. तो सुरू झाला की तू जेवता जेवता घास हातात धरून थांबायचास. कान द्यायचास. मी विचारलं तर म्हणालास, "आमचा नाला असा बोलतो. आधी पाणी वाजतं. त्याची भीती नाही. मग पाण्याच्या आत दगड एकमेकांवर आपटायला लागतात. तो आवाज आला की मागं न बघता वर पळायचं."

"आणि नाही पळता आलं तर?"

"तर काही नाही," तू म्हणालास आणि घास तोंडात घातलास.

तुझं रुंबूर मी कधी पाहिलं नाही, पण मला ते आमच्या बिलोली तालुक्यातल्या गावापेक्षा जास्त ठाऊक आहे. तीन खोरी, त्यातलं तुझं सगळ्यात वरचं. उतारावर एकावर एक घरं, खालच्याचं माळवद ते वरच्याचं अंगण. अक्रोडाची झाडं. वर डोंगरात बकऱ्यांचे गोठे, जिथं बाईमाणसानं जायचं नाही, कारण ती देवाची जागा. काळ्या झग्यातल्या, डोक्यावर कवड्यांची पट्टी बांधलेल्या बायका. थंडीतला तुमचा चौमोस सण, ज्यात तुमचा देव खोऱ्यात उतरतो आणि बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नाहीत. तू सांगायचास आणि मी ऐकायचो. बाहेर शारजाचं ऊन असं असायचं की लोखंडी पाइपाला हात लावला तर कातडी सोलून निघावी.

एकदा तूच सांगितलंस, "सगळीकडचे लोक मूर्तिपूजा सोडून गेले. आम्ही राहिलो. म्हणून आम्हाला काफिर म्हणतात. माझ्या बापाला म्हणायचे, मला म्हणतात."

मग मी तुला आमच्या आज्याचं सांगितलं. गावच्या हॉटेलात त्याच्यासाठी भिंतीच्या कोनाड्यात वेगळी कपबशी असायची. चहा प्यायचा, आपणच धुवायची, परत कोनाड्यात ठेवायची. तू लाकूड तासत होतास. हातातली पटाशी खाली ठेवलीस. "मुसलमान होते का हॉटेलवाले?" मी म्हणालो, "न्हाई रे. आमचेच. एकाच देवाचे." हे तुला काही केल्या समजत नव्हतं. ज्यांचा देव एक त्यांची कपबशी वेगळी कशी?

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते आता तसंच अर्धं राहिलं.

मी तुला सांगितलं होतं, आज्यानं दीक्षा घेतली. बाबासाहेबांनी वाट दाखवली, आमचा सगळा वाडा त्या वाटेनं गेला. घरातले देव टोपल्यात भरले आणि मांजरा नदीत सोडून दिले. हे मी छाती काढून सांगत होतो, जसं आमच्यात सगळेच सांगतात. तुझा चेहरा मात्र उतरला.

"नदीत? आणि नदी रागावली नाही?"

"नदी कशाला रागावंल? त्या दिवसापासून आज्यानं कोनाड्यातल्या कपात चहा पिला न्हाई. मान वर करून चालला."

"देव सोडला की डोंगर कुणाचा राहतो, गौतम? झरा कुणाचा? मेलेली माणसं चौमोसला जेवायला कुठं येतील?"

"आमच्याकडं डोंगर नव्हताच, जमान. झऱ्यावर तर पाणी भरू द्यायचे न्हाईत. आम्ही काय सोडलं? देवळाची पायरीसुद्धा आमची नव्हती."

तू अंगठ्याच्या तुटक्या पेरानं पटाशीची धार चाचपलीस. मग म्हणालास, "तुम्ही बाहेर पडलात ते उभं राहायला. आमच्यातला जो बाहेर पडतो तो एकटा पडतो, आणि त्याच्यामागं खोरं थोडं लहान होतं."

त्यानंतर तू वझीरचं सांगितलंस. तुझा धाकटा भाऊ. खाली बाजारात दुकानावर काम करताना तो मुसलमान झाला. कुणी सक्ती केली नाही, त्याला पटलं, झाला. पण तुमच्या रिवाजात गेलेल्याला परत येता येत नाही. चौमोसच्या शेकोटीला बसता येत नाही, देवाच्या गोठ्यावर चढता येत नाही. त्यानं नाल्याच्या तोंडाशी, सपाटीवर वेगळं घर बांधलं. तू त्याच्या घराची पायरी चढला नव्हतास. आईला भेटायला तो तुमच्या अंगणापर्यंत यायचा आणि उभ्यानं बोलून जायचा. एकाच आईचे दोघं. मला ते ऐकून कोनाड्यातली कपबशी आठवली आणि मी ते तुला तोंडावर बोललो. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. खंडूनं मध्ये पडून समेट केला, "अरे मियाँ, छोडो ना," म्हणत.

बायकांच्या बशालीवरूनही आपण असंच भांडलो. बाळंतपणाला आणि महिन्याच्या दिवसांत बायकांनी वेगळ्या घरात राहायचं, पुरुषानं त्या घराच्या भिंतीलाही हात लावायचा नाही. मी म्हणालो, हेच तर आम्ही मोडायला निघालो, ही शिवाशिवच आहे. तू चिडून म्हणालास, "माझ्या बायकोला विचार. ती म्हणते, वर्षात तेवढेच दिवस हाताला काम नसतं आणि सासू नसते." मी हसलो, पण मला पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही, जमान. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू?

मग कंपनीचं काम संपलं. तू वर गेलास, मी इकडं. माझ्या बायकोला, सविताला, उदगीरला अंगणवाडीची नोकरी लागलेली, म्हणून मी उदगीरलाच राहिलो आणि टँकरवर ड्रायव्हर झालो. दुष्काळात टँकरवाल्याला मरण नाही, असं लोक गमतीनं म्हणतात.

तू खालच्या बाजारात उतरलास की नेट लागायचं. मग तुझे रेकॉर्ड केलेले आवाज मोबाइलवर एकदम येऊन पडायचे. बकऱ्यांच्या घंट्या, वसंतातल्या सणाचा ढोल, तुझं "इश्पाता, बाया". मीही सांगायचो. इथं उदगीरचा जिल्हा व्हावा म्हणून बंद, मोर्चे. येत्या झेंडावंदनाला घोषणा होणार, असं दरवर्षी कुणीतरी पक्कं सांगायचं. माझा टँकरमालक त्या मागणीच्या समितीत. तो म्हणायचा, "जिल्हा झाला की पाणी येतंय बघ." तुमच्याकडंही चित्रालचे दोन जिल्हे करायचं चाललं होतं. मी थट्टेनं विचारायचो, आधी कुणाचा होतो बघू. तू हसायचा नाहीस.

"जिल्हा येतो तेव्हा आधी रस्ता येतो," तू म्हणालास. "रस्त्याच्या आधी सुरुंग. आमच्या कड्याला भोकं पाडून राहिलेत. वरची झाडं गेली. डोंगर उघडा पडला की नाल्याला शरम राहत नाही."

त्या वर्षात तुझ्या प्रत्येक निरोपात काहीतरी काळं असायचं. ज्याच्या तोंडून तुमचे देव बोलायचे तो म्हातारा वारला, आणि त्याच्या जागी नवा कुणी झाला नाही. "आता आम्हाला सावध कोण करणार?" तू विचारलंस. उन्हाळ्यात बर्फ लवकर सुटला. नाल्याचं पाणी राखेच्या रंगाचं झालं. बकऱ्या वरच्या एका घळीकडं चरायला जाईनात, हाकलल्या तरी माघारी यायच्या. मी टँकरच्या केबिनमध्ये बसून हे ऐकायचो. समोर रस्त्यावर रिकाम्या घागरींची रांग, आणि कानात तुझा नाला.

मी तुला सांगितलं, "खाली ये ना रे. थोडे दिवस."

"खाली कुठं? वझीरच्या दारात?"

तुझ्या-माझ्या बोलण्याची खबर इथंही कुणीतरी पोचवली. गल्लीतल्या एकानं आधी विचारलं होतंच, "पाकिस्तानात कुणाशी बोलून राहिलास रे तू?" मग एक दिवस साध्या कपड्यातला पोलीस जमादार दारात आला. सवितानं त्याला पाणी दिलं. तो ग्लासाकडं बघून म्हणाला, "एवढं नको वैनी, निम्मं करा. तुमच्याकडंबी नसंल." मग मोबाइल मागितला. मी तुझे आवाज ऐकवले. बकऱ्यांच्या घंट्या ऐकून तो चक्रावला. ढोल ऐकून मात्र त्यानं मान डोलावली.

"मी किनवटकडचा हाय. दिवाळीला आमच्याकडं गोंडाच्या वस्तीवर, गुड्यात, असंच वाजतंय. कोण हाय हा माणूस?"

मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाला, "माणूस चांगला असंल वो. पण तुमचं नाव आमच्याकडं आलंय. एकदा आलं की जात न्हाई. जपून ऱ्हावा."

तुला हे सांगितलं तर तुझ्याकडंही तसंच. बाजारात एकानं तुला चहा पाजून विचारलं होतं, हा हिंदुस्तानातला गौतम कोण? तू म्हणालास, "मी सांगितलं, माझा भाऊ आहे. तो म्हणाला, कसा काय? मी म्हणालो, एका खोलीत जेवलोय." जमान, मला आयुष्यात पुष्कळांनी भाऊ म्हटलं, जयंतीच्या मंडपात तर शंभर जण म्हणतात. पण असं चौकशीला उत्तर देताना कुणी म्हटलं नव्हतं.

आणि मग आपलं शेवटचं भांडण. 

सनोबर पेशावरला नर्सिंग शिकत होती. तिच्याबरोबरचा एक मुलगा, मुसलमान, तिला मागणी घालत होता. तिनं लपवलं नाही, सुट्टीत येऊन तुला सांगितलं. तू मला फोन केलास तेव्हा इश्पातासुद्धा म्हणाला नाहीस. मी म्हणालो, "पोरीला तिचं ठरवू दे. माझ्या आज्यानं त्याचं त्यानं ठरवलं म्हणून मी आज माणूस आहे."

"तुझा आजा लाखो माणसांबरोबर गेला, गौतम! माझी पोर एकटी जाईल. तिच्या मागं माझ्या घराचं दार बंद. मग चौमोसला मला जेवायला कोण वाढेल?"

"म्हणजे तुला मेल्यावरच्या जेवणाची काळजी. पोर जिवंत आहे तिचं काय?"

तू फोन ठेवलास. त्यानंतर तुझा आवाज आला नाही. मी एकदा केला, लागला नाही. पावसामुळं तिकडचा टॉवर बंद असेल, असं मी सविताला म्हणालो.

पुढचं मला सनोबरनं सांगितलं, आणि काल वझीरनं. त्याचा फोन येईल असं मला वाटलं नव्हतं. खोल, दमलेला आवाज. "मी वझीर. जमानचा भाऊ. तुम्ही गौतम ना? तो तुमचं नाव फार घ्यायचा."

सकाळपासून वर पाऊस होता. दुपारी तू गोठ्यावरून बकऱ्या घेऊन उतरत होतास आणि तुला तो आवाज आला, पाण्यातल्या दगडांचा. तू मागं न बघता वर पळायला हवं होतंस. तूच सांगितला होतास हा नियम. तू खाली पळालास. गावातून पळताना ओरडत गेलास, लोक माळवदांवर चढले, आणि तू तसाच पुढं नाल्याच्या तोंडाशी, वझीरच्या घराकडं. सनोबर वरून बघत होती. ती म्हणाली, "दादा वझीरकाकाच्या घरात शिरले तेव्हा मला वाटलं, माझी नजर चुकली."

वझीरच्या कमरेला मार लागून तो अंथरुणावर होता. तू त्याच्या बायकोला आणि लेकरांना आधी हाकललंस. मग त्याला पाठीवर घेतलंस. वझीर म्हणाला, "त्यानं मला कड्याच्या कपारीवर ढकललं. माझे हात झाडाच्या मुळाला पोचले. मी वळून बघितलं तर तो नव्हता. चिखल होता. घराएवढे दगड चिखलात पोहत होते."

तू सापडलास तो पार खाली, आयून गावाच्या पुढं, नदीच्या वाळूवर. अंगावर कापड नव्हतं, चेहरा ओळखू येत नव्हता. तिथले लोक भले. अनोळखी मेला म्हणून त्यांनी तुला उचललं, आंघोळ घातली, कफन आणलं, कबर खणायला घेतली. वझीरला दोघांनी धरून तिथं नेलं. पटाशीनं तुटलेल्या अंगठ्याच्या पेरावरून त्यानं तुला ओळखलं.

तेव्हा गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "वझीरचा भाऊ म्हणजे आपलाच. मरताना त्यानं कलमा म्हटलाच असेल. इथंच दफन करू. त्याच्या आत्म्याचं भलं होईल." सगळे वझीरकडं बघायला लागले. त्यानं फक्त मान हलवायची होती.

वझीर मला म्हणाला, "गौतमभाई, तुम्हाला खरं सांगतो. मला हो म्हणावंसं वाटलं. जिवंतपणी तो माझ्या घरात आला नाही. वाटलं, आता तरी आम्ही एका मातीत राहू, एका कयामतीला उठू. पण त्यानं मला ढकललं तेव्हा तो कुणाला हाक मारत होता ते मी ऐकलं होतं. तो महानदेवला, खोऱ्यातल्या देवाला, हाक मारत होता."

"मग?"

"मी म्हणालो, माझा भाऊ कलाश होता. कलाशच मेला. त्याला वर नेऊ द्या."

 मग तिथल्या मौलवीसाहेबांनी कफनाची गाठ नीट केली आणि आपण होऊन बाजेचा एक पाय धरला. रस्ता वाहून गेला होता. नवा, सुरुंग लावून केलेला सगळा रस्ता. तुला माणसांनी खांद्यावर वर नेलं. खालच्या वस्तीतले मुसलमान आणि वरून उतरलेले कलाश, आळीपाळीनं. वझीर मागून, दोघांच्या आधारानं.

तुमच्या जेस्तक देवीच्या देवघरात तुला ठेवलं. ढोल वाजला. तुमच्यात मरणालाही नाचतात, हे तू सांगायचास तेव्हा मला पटायचं नाही. सनोबरनं मला तो आवाज ऐकवला. ढोल, बायकांचं एकसुरी गाणं, आणि मध्येच एका म्हाताऱ्याचा फाटका आवाज, तुझ्याशी बोलणारा. वझीर बाहेर गडग्यावर बसला होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही. ऊठ इथून, असंही कुणी म्हटलं नाही. तुझी आई मात्र मधूनच बाहेर यायची, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि परत आत जायची.

इकडं सवितानं बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. आम्ही दोघांनी त्रिशरण म्हटलं. तुला चाललं असतं का, ठाऊक नाही. आम्हाला दुसरं काही येत नाही.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आज्यानं देव नदीत सोडले हे खरं. पण आजी दर आखाजीला त्याच घाटावर जायची. नुसती बसायची, आणि दिवस कलला की यायची. कशाला जातेस, हे आज्यानं तिला मरेपर्यंत विचारलं नाही. हे सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बघ, मी जिंकलो. मला तसं वाटत नाही. आज्याचं बरोबरच होतं. पण आजी तिथं बसायची तेही खरं, आणि या दोन्हीचा मेळ मला लावता येत नाही. तुझ्याबरोबर बसून लावायचा होता.

आता सनोबरचं. तिनं त्या मुलाला सध्या काही कळवलेलं नाही. आईबरोबर आपल्या आजीजवळ राहिली आहे. साहेब लोक येऊन गेले, म्हणाले खोरं खाली करा. खाली सपाटीवर तंबू देतो, पुढं नव्या जिल्ह्याचं काय ते ठरलं की घरांचं बघू. तिनं मला विचारलं, "काका, आम्ही सगळे खाली गेलो, गोठे नाहीत, देवाची जागा नाही, तर आम्ही कलाश राहू का?"

तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे. मी माझं म्हणालो. "पोरी, आधी उतर. माणसं राहिली तर बाकीचं बघता येईल." तू रागावशील. मी हेच म्हणणार.

ती म्हणाली, "आजी उतरत नाही. ती उतरल्याशिवाय मी कशी उतरू?"

काल संध्याकाळी तिनं एक फोटो पाठवलाय. ज्या घळीकडं तुझ्या बकऱ्या जात नव्हत्या तिथं दगडमातीच्या ढिगाऱ्यानं नाला अडलाय आणि मागं, गावाच्या डोक्यावर, तळं साठलंय. निळंशार, काठोकाठ. गावातली पोरं ते बघायला वर जातात म्हणे. मी फोटो सविताला दाखवला. ती नुकतीच नळावरून रिकामी घागर घेऊन आली होती. तिनं मोबाइल हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला आणि हळूच म्हणाली, "किती पाणी हाय वो!"

मला तेवढं पाणी अडवून धरलेला कच्चा ढिगाराच दिसत होता. मी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि सनोबरला फोन लावला. लागला नाही. आज सकाळपासून लावून राहिलोय.